मदत हवी आहे: १९७२ चा लिंडसे फ्लोरिडात वाचवायचा कसा?

पर्यायी इतिहासाचा आराखडा: न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे १९७२ ची डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवतात. गाडी फ्लोरिडात अडते. प्रत्यक्षात उमेदवारीच्या शर्यतीत २९ जानेवारीला ॲरिझोनात ते प्रतिस्पर्धी एडमंड मस्कींच्या मागे दुसरे, पण १४ मार्चला फ्लोरिडात दुसरे प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस ४२ टक्क्यांवर आणि लिंडसे ७ टक्क्यांवर, थेट पाचवे.

फेब्रुवारी १९६९ च्या हिमवादळात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस बर्फाखाली राहिले. तो राग निवृत्त न्यूयॉर्ककरांनी मायामीला सोबत नेला. किनाऱ्यावर विमानामागे फलकसुद्धा फिरला: लिंडसे म्हणजे 'त्सुरिस', यिडिशमध्ये डोक्याला ताप!

माझ्या कथेत बर्फ हटवणाऱ्या गाड्या वेळेत निघाल्या, एवढ्याने भागेल? मला नाही वाटत. लिंडसेंचं रिपब्लिकनमधून डेमोक्रॅटिक पक्षात पक्षांतर ऑगस्ट १९७१ मधलं. डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांना ते उपरेच वाटणार. म्हणून जून १९६९ मध्ये महापौरपदाची रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक (पक्षांतर्गत उमेदवार निवड) हरल्याबरोबर पक्ष बदलायला लावतोय. पण मग नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या छोट्या लिबरल पक्षाच्या तिकिटावर, जसं प्रत्यक्षात राखलं तसं, महापौरपद राखता येईल का?

दुसरं, फ्लोरिडा सोडून थेट ४ एप्रिलच्या विस्कॉन्सिनवर जोर लावला तर तिसरे प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांचे स्वयंसेवक कसे फोडायचे? १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे पक्ष अधिवेशनातले २७१ प्रतिनिधी जिंकणाऱ्यालाच सगळे मिळायचे, तिथपर्यंत टिकायलाच हवं. उमेदवारीसाठी बहुमत १,५०९ प्रतिनिधींचं. आकडेमोड जमणाऱ्यांनी सुचवा.