प्रति: दिवसाला एक नोंद पुरे?
फ्लेमिंगोंच्या अंगावर बसवलेल्या टॅगची (ठिकाण नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राची) बॅटरी वाचवायला दिवसातून एकच जीपीएस नोंद घ्यावी, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. फ्लेमिंगोंचा गुजरात ते ठाणे खाडी हा प्रवास नकाशावर मांडायचा असेल तर पटतं. तिथे दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं? पण खाडीतली हालचाल त्यात सापडत नाही. नवी मुंबईत नेरूळला एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीमागे उभं राहून बघा. भरती चढून खाडीतला चिखल बुडाला की थवेच्या थवे आत पाणथळीवर येतात, एका पायावर उभे राहतात. ओहोटी लागली की परत चिखलावर चरायला.

मेख अशी, की भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. रोज सकाळी 8 वाजताच नोंद घेतली तर पक्षी काही दिवस खाडीत, मग काही दिवस पाणथळीवर दिसतील, आणि या नोंदींवरून हालचालीचा अंदाज बांधणारं मॉडेल सांगेल की हे पंधरवड्याने जागा बदलतात! त्यात उधाण-भांगाचं, म्हणजे भरती मोठी-लहान होण्याचं, चक्रही पंधरवड्याचंच, त्यामुळे ही चूक कुणाला खटकणारही नाही. बॅटरी वाचवायचीच तर आठवड्यातले दोनच दिवस निवडून तासातासाने नोंदी घ्याव्यात, रात्रीच्याही.