मदत हवी आहे: मिसळलेल्या हेरिंगमधून दोन साठ्यांचा वाटा कसा काढू?

नमस्कार मंडळी. जळगावात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. प्रकल्प हेरिंग या समुद्री माशावर आहे. इथे सगळे तापी-हतनूरच्या माशांवर काम करणारे, समुद्री साठ्यांचं (साठा म्हणजे एकाच जातीच्या माशांचा वेगळा प्रजनन करणारा गट) विचारायला जवळ कोणी नाही.

स्कागेराक-कॅटेगाटमध्ये (डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन यांच्यामधला समुद्र) उत्तर समुद्रातले शरदात अंडी घालणारे आणि पश्चिम बाल्टिकचे वसंतात घालणारे हेरिंग एकाच जाळ्यात येतात. मणक्यांची सरासरी पहिल्यांची ५६.५, दुसऱ्यांची ५५.८ धरतात. म्हणून ५६.५ मधून नमुन्याची सरासरी वजा करून ०.७ ने भागलं, की वसंतवाल्यांचा वाटा मिळतो. ५६.२ ला साधारण ४३ टक्के, इथवर ठीक. पण दोन वर्षं वयाच्या एका छोट्या गटाची सरासरी ५५.७ निघाली आणि वाटा थेट ११४ टक्के!

वयोगट एकत्र करून पाहिले, आकडा आटोक्यात येतो. पण लहान मोठे मासे वेगळ्या प्रमाणात मिसळतात, मग वयानुसार फरकच पुसला जातो. तो घालवायचा नाहीये.

माझ्याकडे फक्त मणके, लांबी, वय आणि महिना आहे. ओटोलिथ (माशाच्या कानातला खडा) किंवा डीएनए मिळणार नाही. आर (R ही सांख्यिकीची संगणक भाषा) वापरता येतं.

शंभरावरचे आकडे सरळ शंभरावर छाटायचे, की प्रत्येक माशाचे मणके घेऊन मिश्र-वितरणाने (नमुना दोन गटांच्या वितरणांचं मिश्रण मानून) वाटा काढायचा? आणि जास्त मणक्यांचे नॉर्वेजियन हेरिंग त्यात घुसले असतील तर ते कसे ओळखू?