उत्तर: सप्लायर एकमेकांना शिकवतात का?

वर कोणीतरी लिहिलंय की सप्लायर एकमेकांना काही शिकवणारच नाहीत, शेवटी धंदा आहे. मला नाही पटत. टोयोटाचं बघा ना, सप्लायरचे छोटे गट असतात, जिशुकेन म्हणतात त्याला, सगळे मिळून एकेकाच्या प्लांटवर जाऊन तिथली अडचण सोडवतात, फक्त थेट स्पर्धक शक्यतो एका गटात नसतात (हुशार आहेत!). फेब्रुवारी १९९७ मध्ये आयसिन या टोयोटाच्या सप्लायरचा जपानमधल्या कारियाचा प्लांट जळाला, ब्रेकचे पी-व्हॉल्व्ह (ब्रेकचा दाब सांभाळणारा छोटा भाग) जवळपास सगळे तिथूनच यायचे, टोयोटाच्या लाईनी बंद, तर आयसिनने ड्रॉइंग वाटली आणि बाकीच्यांनी, अगदी शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा, व्हॉल्व्ह बनवून दिले, काही दिवसांत गाड्या परत निघायला लागल्या. पैशाचा हिशोब नंतर झाला. एनडीएच्या (माहिती गुप्त ठेवण्याच्या कराराच्या) सह्या जमवत बसले असते तर झालंच मग.