‘एन्करेज’ म्हणजे धीर देणं की प्रोत्साहन देणं?

पाचोऱ्याची लेक:
शिष्यवृत्तीच्या अर्जात आजोबांबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आहेत. बारावीनंतर पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा एसटी स्टँडवर आई नुसती रडत होती. आजोबांनी खिडकीतून हात घालून माझ्या मुठीत ५० ची नोट कोंबली. म्हणाले, “घाबरू नको, मी शे ना.” म्हणजे ‘मी आहे ना’. मी लिहिलं, ‘ही एन्करेज्ड मी फॉर गोइंग टू पुणे’. मैत्रीण म्हणते, चुकलं. मला तर वाक्यच कोरडं वाटतंय. शब्दकोशात ‘प्रोत्साहन देणे’ आहे. आजोबांनी कुठे प्रोत्साहन दिलं? त्यांनी धीर दिला.

अमळनेरचे मास्तर:
बेटा, आधी व्याकरण. ‘एन्करेज्ड मी टू गो’ असं हवं. ‘डिस्करेज’ असतं तर ‘फ्रॉम गोइंग’ आलं असतं.
शब्द मुळात कोरडा नाही गं. ‘करेज’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कॉर’ आहे, म्हणजे काळीज. ‘प्रोत्साहन’ म्हटलं की सरकारी योजना आठवते, म्हणून तो तुला वाळलेला वाटतो. पण तुझी शंका रास्त आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं, तर आपण धीर द्यायला जातो. तिथे ‘एन्करेज’ चालत नाही, ‘कन्सोल’ लागतं. ‘एन्करेज’ला पुढे करण्यासारखं काहीतरी हवं. आपल्या स्पर्धांतलं ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस घे. इंग्रजीत तेच ‘कन्सोलेशन प्राइझ’. ते हरलेल्या पोराचं सांत्वन करतात, आपण त्याला पुढच्या वर्षी ये म्हणतो. वर्गात हे सांगताना मला दरवेळी बरं वाटायचं.

रावेरकर:
मास्तर, केळीच्या एका इंग्रजी पत्रकात दमट हवा करप्याला ‘एन्करेज’ करते असं होतं. बुरशीला कसली आलीय हिंमत? आणि ताईंना ‘एम्बोल्डन’ चालेल का?

अमळनेरचे मास्तर:
भाऊ, तिथे ‘पोषक ठरते’ एवढंच. ‘एम्बोल्डन’ आजोबांसाठी नको. चोर एकदा सुटला की त्याला चेव चढतो, तिथे तो शब्द बऱ्याचदा येतो. बेटा, तू सरळ ‘हिज वर्ड्स गेव्ह मी करेज’ लिही. अगदी शुद्ध इंग्रजी आहे. जायला आधी कुणी तयार केलं असेल, तर ‘एन्करेज’ त्याच्यासाठी ठेव.

पाचोऱ्याची लेक:
ते आईने केलं होतं, सर. फॉर्मचे पैसे तिनेच कापूस वेचून भरले. आता दोन वाक्यं झाली, एक आईचं, एक आजोबांचं. ‘मी शे ना’ मात्र अहिराणीतच ठेवलंय, पुढे इंग्रजीत अर्थ दिलाय.