मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ चे अवयव दहावीच्या मुलांना कसे समजवावेत?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला दहावीच्या शिकवण्या घेतो. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला मुलं ४२९४९६७२९७, म्हणजे २^३२ + १, या संख्येवर तक्ता करतायत. २^१, २^२, २^४, २^८, २^१६ यांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही तिची आधीची भावंडं, सगळ्या मूळ संख्या. म्हणून पुढच्याही मूळच असणार, असं फ्रेंच गणिती फर्माने १६४० च्या सुमारास धरलं. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरने ६४१ × ६७००४१७ असे अवयव काढून त्यावर पाणी फिरवलं.

६४१ ने भाग जातो हे मुलांना पटलंय. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून (५×२^७)^४ − १ ला ६४१ ने भाग जातो (क्ष^४ − १ चा क्ष + १ हा अवयव). शिवाय ६४१ = ५^४ + २^४. याला २^२८ ने गुणलं की ५^४×२^२८ + २^३२. यातून पहिली राशी वजा करा, २^३२ + १ उरतं. यावर पोरं खूश!

पण एकीने विचारलं, "सर, ६४१ सुचलं कसं?" म्हटलं, या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. लगेच "का?" तिथे गाडी अडली. आमच्याकडे पुस्तक इंग्रजीत, शंका कोंकणीत. त्यात मॉड्युलोची (बाक्यांच्या गणिताची) भाषा नको. सोपा मार्ग आहे का?

उत्तर १
सर, आधी १७ घ्या. २ च्या घातांना १७ ने भागून बाक्या लिहायला लावा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. पुढे पुन्हा २, ४, ८... आठांचं चक्र. मध्यावर १६, म्हणजे −१ (१७ ला एक कमी), हे मुलांना स्वतः दिसू द्या.

आता ४२९४९६७२९७ चा कुठलाही मूळ अवयव प घ्या. २ च्या घातांना प ने भागा. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १. चक्राची लांबी ६४ ला भागते. ती ६४ हून कमी असती तर ३२ लाही भागली असती आणि तिथेच बाकी १ आली असती. म्हणजे चक्र नेमकं ६४ चं. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(प−१) ची बाकी १, म्हणून प−१ हा ६४ च्या पटीत. हे प्रमेय मात्र मानून चालावं लागेल, त्यातून सुटका नाही.

धागाकर्ता
बाक्यांचं चक्र मस्तच. आता ६७००४१७ मूळ कशावरून, हे विचारतीलच.

उत्तर २
फ्रेंच गणिती ल्युकाने १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणले, म्हणजे ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा. ६७००४१७ चा मूळ अवयव हा तिचाही अवयव, म्हणून त्यालाही हेच लागू. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढ्याच. पाच भागाकार, मुलांनाच वाटून द्या. बाकी शून्य कुठेच येत नाही.