मदत हवी आहे : ऑटिझम असलेल्या भाच्यासाठी रत्नागिरी-लांजा भागात काम

नमस्कार मंडळी. भाचा २३ वर्षांचा, बी.कॉम. झालाय, ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं आहे. टॅली आणि एक्सेल उत्तम येतं. सीझनला आमच्याकडे आंब्याची प्रतवारी तोच करतो. २५० ग्रॅमचं फळ २००च्या पेटीत गेलेलं त्याला खपत नाही (गडी वैतागतात, ते वेगळं).

अडतं ते मुलाखतीला. समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गप्प. एका ठिकाणी तर सोबत गेलेल्या ताईलाच विचारलं, “याला सांभाळणार कोण?” काम येतं का, हे बघितलंच नाही. शिवाय एसटीची गर्दी. गाडी उशिरा आली की त्याचा अख्खा दिवस बिघडतो, आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे सगळ्यांना मिळून. कोकणात यातून कुणाला नेमणूक मिळाली आहे का? कागदपत्रं काय लागली?

खाजगी ठिकाणी ऑटिझमचं अर्जातच लिहावं, की निवड झाल्यावर सांगावं? आणि मुलाखतीऐवजी आठवडाभर काम करून घेऊन ठरवेल असं कुणी माहीत आहे का? काजू कारखाना, पतपेढी, सीएचं ऑफिस, काहीही चालेल. पगार मात्र हवा, दया म्हणून बसवून ठेवणं नको. घरून करायचं कामही चालेल, फक्त आधी डिपॉझिट मागणारे सुचवू नका.