मदत हवी आहे: टर्नटेबलचं हमिंग जात नाही

नमस्कार मंडळी. बाबांचा जुना टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) दुरुस्त करून घेतला, पण स्पीकरमधून सतत हमिंग (घुंऽऽ असा आवाज) येतंय. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची सुरुवात किती हळुवार आहे! नुसता बिल इव्हान्सचा पियानो आणि पॉल चेंबर्सचा डबल बास. नेमकं तेच त्या आवाजात बुडतं, फार जीव तुटतो. अर्थिंगची वायर फोनो प्रीअँपला (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाला) घट्ट जोडली आहे, केबलही बदलून पाहिली. सीडी लावली की हमिंग अजिबात नाही. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हात लावला की मात्र कमी होतं. म्हणजे टोनआर्मचं अर्थिंग आतून तुटलं असेल का? आणि कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) जोडलेलं ठेवून मल्टिमीटर लावला तर त्याच्या कॉइलला धोका आहे का? कुणी हे घरी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.